आपोआप गोल

मिरजेच्या आयटीआयमध्ये भालचंद्र गुरवांनी जन्मभर ड्रॉइंग शिकवलं होतं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून मात्र त्यांनी पेन्सिलीला हात लावला नव्हता. साधी सही करतानाही उजवा हात थरथरायचा.

मुलगी मृदुलाने त्यांच्यापुढे टॅबलेट आणि त्याचा पेन ठेवला. "अण्णा, एक वर्तुळ काढा बरं."

काढताना रेघ वाकडी गेल्यासारखी वाटली, पण पेन उचलला तेव्हा पडद्यावर रेखीव वर्तुळ होतं. अण्णांचा चेहरा उजळला. त्याच संध्याकाळी त्यांनी जुन्या सहकाऱ्याला फोन केला आणि उन्हाळी क्लास पुन्हा घेतो म्हणून कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने, सिंधूताईंनी, गंमत म्हणून पेन हातात घेतला. "माझी तर पोळीसुद्धा कधी गोल झाली नाही," म्हणत त्यांनी रेघ फिरवली. त्यांचंही वर्तुळ तितकंच रेखीव आलं. त्या हसल्या. अण्णा हसले नाहीत.

"मृदुला, हे यंत्र सुधारून देतंय का?"

"हो," ती खालमानेने म्हणाली. "तुम्हाला उमेद यावी म्हणून चालू ठेवलं होतं."

"बंद कर ते."

तिने बंद केलं. अण्णांनी पुन्हा वर्तुळ काढलं. ते बटाट्यासारखं आलं, टोकंही जुळली नाहीत. विद्यार्थ्याचा कागद तपासावा तसं त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं. मग स्वतःच फोन लावून यंदा क्लास जमणार नाही म्हणून सांगितलं.

मृदुला पडद्यावरचं वर्तुळ पुसायला पुढे झाली.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "उद्याचं याच्या शेजारी काढतो."