कोमट काच

दुकानदाराने काकांच्या घरातल्या टाकीत जाळी घातली आणि सहाही डिस्कस फिल्टरच्या नळीमागे जाऊन दडले. ताटलीसारखे गोल, चपटे मासे, पण भित्रे इतके, की अंगावरचा निळा रंग उडून पार काळवंडले.

"हे मासे म्हणजे जावईच हो, काका," दुकानदार म्हणाला. "पाणी कोमट पाहिजे, रोज ताजं पाहिजे, जरा खुट्ट झालं की रुसले! तुम्ही एवढी वर्षं सांभाळलेत म्हणजे कमाल आहे."

काका कसनुसं हसले. कमाल कसली? शिस्त होती. रोज सकाळी पाणी काढायचं, तेवढंच तापवून घालायचं आणि काचेला कुणी बोट लावायचं नाही. या एका नियमापायी नातेवाइकांची पोरं त्यांच्या घरी यायला कचरायची. बायको गेल्यावर मात्र एकट्याने राहणं त्यांना जमेना. आज ते लेकीकडे राहायला निघाले होते. तिच्याकडे टाकीला जागा नव्हती, म्हणून मासे दुकानात चालले होते.

वाकून वाकून दुकानदाराची कंबर धरली. "आई गं," म्हणत त्याने आधारासाठी काचेवर पंजा टेकला.

नळीमागून एक मासा बाहेर आला. मग दुसरा. बघता बघता सहाही त्या पंजासमोर येऊन थांबले आणि त्यांचा निळा रंग हळूहळू परतला.

"अरेच्चा! काचेवर हात पडला की डिस्कस पळतात. हे कसं शिकवलंत?"

"मी नाही शिकवलं." काका पंजाकडे बघत राहिले. "हिला थंडी वाजायची."

आजारपणात बायकोचे हात गार पडायचे. एकदा ती काचेवर दोन्ही हात टेकून बसलेली त्यांना दिसली होती. "मासे मारायचेत का? काढ हात!" ते खेकसले होते. तिने मुकाट्याने हात पदराखाली घेतले. विषय तिथेच मिटला, असं त्यांना वाटलं होतं.

"तुम्ही बाहेर गेलात की बसायची," त्यांना न्यायला आलेली लेक हळूच म्हणाली. "मला म्हणायची, बाबांना सांगू नकोस हं, चिडतील. पण बघ, हे मासे मुळीच घाबरत नाहीत मला."

दुकानदाराला आता युक्ती सापडली होती. एक हात काचेवर तसाच ठेवून त्याने दुसऱ्या हाताने जाळी फिरवली. एकही मासा पळाला नाही. 'हात काढा' म्हणावं असं काकांना फार वाटलं.

पिशव्या भरल्या, खोक्यात बसल्या. दुकानदाराने हीटरचं बटण बंद केलं, टाकी उद्या नेतो म्हणाला आणि गेला.

लेक दाराशी बॅगा घेऊन उभी होती. "बाबा, चला. गाडी खाली आलीय."

काकांनी खुर्ची टाकीजवळ ओढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काचेवर दोन्ही पंजे टेकले.

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून कोमट आहे."