डब्यातलं पीठ

"जोरात काका, जोरात! अजून, अजून, अजून... हं, सोडा!"

नळीत फुंकून बेकरीवाला मागे टेकला. श्वासाचा आकडा चांगला आला. तपासणारी मुलगी खूश झाली.

"डब्यातलं पीठ तुमच्या बेकरीतलंच ना?"

"मग काय, शेजाऱ्याचं आणू?"

चाचणी साधी होती. काचेच्या खोलीत बसायचं, रोजच्या कामातलं पीठ एका ट्रेमधून दुसऱ्यात ओतत राहायचं, उडेल ती धूळ श्वासात घ्यायची आणि पुन्हा फुंकायचं. आकडा तेवढाच राहिला, तर पीठ निर्दोष. खाली आला, तर वडिलांपासून चालत आलेली भट्टी सोडायची. वर्षभर तो धापा टाकत होता, तरी "मैदा मला काय करणार?" हे पालुपद काही सुटत नव्हतं.

तो शीळ घालतच आत गेला. काचेबाहेर बाकावर त्याची बायको बसली होती.

त्याने डब्यात हात घातला आणि शीळ थांबली. चिमूटभर पीठ त्याने बोटांत चोळलं. पुन्हा चोळलं. मग काचेतून बायकोकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही.

"काही अडचण, काका?" मुलीने बाहेरून विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि पीठ ओतू लागला.

थोड्याच वेळात त्याच्या छातीतून बारीक शिट्टी वाजू लागली. मुलीने त्याला घाईने बाहेर काढलं, फुंकायला लावलं. आकडा निम्म्यावर आला होता. पंपातलं औषध ओढल्यावर तो हळूहळू सावरला.

डॉक्टरांनी आलेख पाहिला. "आकडा पडलाय खरा. पण तुम्ही आत गेल्यावर दचकलात, असं ही तपासणारी मुलगी म्हणते. घाबरल्यानेही कधीकधी छाती आवळते. हवं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करू. पीठ तेवढं नव्याने भरून आणा."

बायको बाकावरून उठली.

बेकरीवाल्याने डबा मांडीवर घेतला आणि झाकण घट्ट बसवलं.

"नको, डॉक्टर. काल मी यात तांदळाचं पीठ भरलं होतं. त्याने मला कधी शिंकसुद्धा येत नाही. मी झोपल्यावर हिने ते काढून मैदा भरला." त्याने दम घेतला. "पुन्हा भरायला सांगाल, तर मी तांदळाचंच भरीन."