इशारा कुणाला दिसावा

"मृण्मयी, तो इशारा फक्त आम्हाला दिसू दे. ग्राहक उगाच घाबरतात," दांडेकर सर फोनवर म्हणाले.

ती सांभाळत असलेल्या प्रोग्रामिंग भाषेतली एक जुनी आज्ञा वर्षअखेर बंद होणार होती. तसा इशारा फक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या स्क्रीनवर झळकावा की ते वापरणाऱ्या ग्राहकांच्याही, हे ठरवणं तिच्या हातात होतं.

सहा वर्षांपूर्वी, दांडेकरांच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्यांच्या हाताखाली नोकरीला असताना, तिनं दाखवलेला असाच इशारा त्यांनी लपवायला लावला होता. त्या इशाऱ्यातली आज्ञा बंद पडली तेव्हा एका रक्ततपासणी लॅबचं काम दोन दिवस ठप्प झालं. ग्राहकासमोर ते बेधडक म्हणाले, "या बाईंनी कळवलंच नाही." त्याच संध्याकाळी तिची नोकरी गेली.

"बघते, सर," म्हणून तिनं आता फोन ठेवला.

नव्या आवृत्तीत तिनं इशारा सगळ्यांनाच दिसेल असं केलं. खाली एक ओळ जोडली: 'हे आम्ही मार्चमध्येच जाहीर केलंय. दुरुस्ती का झाली नाही, ते तुम्हाला सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या कंपनीला विचारा.'

सोमवारी दांडेकरांचे सगळे ग्राहक एकदमच खवळले. "अगं, माझी खुर्ची जाईल!" ते फोनवर गयावया करू लागले. त्यांची दया येईल, असं मृण्मयीला वाटलं होतं. आली नाही.