बेचाळीस शुभेच्छुक

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर बेचाळिसावा शुभेच्छुक चिकटवला आणि मंदाच्या जुन्या कॉम्प्युटरने चौथ्यांदा मान टाकली.

“फाइल जड झालीय, अण्णा. एखाददुसरा फोटो काढावा लागेल.”

शेजारी बसलेले भावी नगरसेवक अण्णा पडद्यावरच्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवू लागले. “ह्याच्या घरात नऊ मतं. हा रुसला तर अख्खी गल्ली फिरेल. ह्याला मागच्या वर्षी वगळला, तर अजून रामराम घेत नाही.”

मंदाने फाइल तपासली. “निम्मी जागा एकाच फोटोने अडवलीय.”

“कोण तो? काढ त्याला!”

“तुम्हीच. डोक्यापासून पायापर्यंत, हात जोडून.”

अण्णांनी मनात मतं मोजली. “काढ मला.”

कॉम्प्युटर लगेच धावू लागला. सकाळी चौकात बेचाळीस चेहरे हसत होते आणि खाली अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “वाढदिवस माझाच आहे.”