पासवर्ड

नवा कॉम्प्युटर परवडेना, म्हणून नर्स असलेल्या रेवतीने जुनाच वेगवान डिस्क बसवायला दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. दुकानात ते काम नीलांबरीचं.

ती डबा खाऊन परतली, तर मालक दिवटे आणि त्यांचा मित्र त्याच कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर रेवतीचे घरातले फोटो होते. एकात ती बाळाला पाजत होती. दिवट्यांनी तो मोठा केला. मित्र खिदळला.

नीलांबरी पुढे धावली.

"बंद करा ते!"

"अगं, डेटा नीट आलाय का बघतोय," दिवटे म्हणाले. फोटो मात्र त्यांच्या पेनड्राइव्हवर उतरत होते.

तिने पेनड्राइव्ह उपसून मुठीत घेतला आणि तिथूनच रेवतीला फोन लावला. "ताई, लगेच या. पोलिसांत जायचंय. मी साक्ष देते."

"माझ्याकडेच शिकलीस आणि माझ्यावरच उलटतेस?" दिवटे ओरडले.

बाहेर पायरीवर बसल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. आठ वर्षांत कितीतरी बायकांनी तिच्याकडे बघून निर्धास्तपणे पासवर्ड लिहून दिले होते. ते सगळे कागद तिनेच दिवट्यांच्या हातात ठेवले होते.