सलग एक तास

तिसऱ्यांदा खटका पडला. पंखा थांबला, स्क्रीन काळी झाली आणि आतल्या खोलीत बाबांचं ऑक्सिजनचं मशीन केकाटायला लागलं.

ती अनवाणीच धावली. दारामागच्या पेटीतला खटका वर केला. आतलं मशीन पुन्हा घुरघुरलं आणि दर चार सेकंदांनी येणारा त्याचा फुस्स आवाज सुरू झाला.

"मी बरा आहे गं," बाबा आतून म्हणाले.

ती टेबलाकडे परतली.

टेबलावर कॉम्प्युटरचं खोकं उघडं पडलं होतं. आत दोन ग्राफिक्स कार्डं एकाखाली एक बसली होती, एकेक विटेएवढं. गेमचं चित्र दोन्ही कार्डांनी वाटून काढायचं, म्हणजे भिंतभर स्क्रीनवरही गवताचं पातं न् पातं दिसतं. दिसतं खरं, पण एका स्वयंपाकघरात कोंडलेल्या दोन जावांसारखी दोन्ही तापतात, आणि वीज ओढतात ती वेगळीच.

कार्डं गिऱ्हाइकाची होती. तो गेमिंग पार्लरचा मालक. त्याने ती स्वतः आणून, जपून तिच्या हातात ठेवली होती. पाच वाजता तो येणार होता. पूर्ण ताकदीवर मशीन सलग एक तास चालल्याची नोंद दाखवली, की पार्लरची उरलेली अकरा मशीनंही तिचीच. नाही दाखवली, तर खाली मान घालून जुन्या दुकानात परत. घरीच कॉम्प्युटर जोडून द्यायचे म्हणून नोकरी सोडली तेव्हा तिथला मालक खो खो हसला होता. "दोन कार्डांचं मशीन? तुझं काम नाही ते." बाबा मात्र म्हणाले होते, "तू कर. मी आहे." बाबा जन्मभर वायरमन. आता त्यांची फुफ्फुसं थकली होती. ऑक्सिजनवाचून अर्धा तास, फार तर पाऊण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तिने पुन्हा सगळं उघडलं. एकेक वायर काढून बसवली. खोक्यातल्या प्रत्येक भागाला किती वीज लागते ते कागदावर मांडून चौथ्यांदा बेरीज केली. बेरीज चोख होती. मग विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला खटका पडतो कसा? आत कुठेतरी शॉर्ट असणार. म्हणजे आपलाच हात चुकलाय, आणि पुढच्या खेपेला कार्डं जळणार. दुसऱ्याची कार्डं! घड्याळात पावणेचार झाले होते.

"किती वेळ चालवायचं असतं तुला?" बाबांनी विचारलं.

"एक तास, बाबा. सलग."



"लाव मग. आणि दार ओढून घे. फार आवाज होतो त्याचा."

तिने दार ओढून घेतलं आणि जीव मुठीत धरून बटण दाबलं.

स्क्रीनवर डोंगर उगवला, गवत हललं. कार्डांचे पंखे घोंगावायला लागले. ती तापमानाच्या आकड्यांवर नजर रोवून बसली. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. विसाव्या मिनिटाला तिने डोळे गच्च मिटले. बाविसाव्याला एक उघडला. डोंगर जागेवर होता. तिसावं मिनिट गेलं, चाळिसावं गेलं. आता नीट चालतंय म्हणून तिला आणखीच भीती वाटायला लागली. हाताला सुटलेला घाम ती ओढणीला पुसत राहिली. खुर्ची करकरेल म्हणून तिने पायसुद्धा हलवला नाही.

बावन्नावं मिनिट. तापमान स्थिर, एकही अडखळ नाही. आता मात्र तिला राहवेना.

"बाबा! बावन्न मिनिटं झाली! चालतंय!"

आतून ओ आली नाही.

झोपले असतील. तिने कान दिला. पंख्यांच्या घोंगावण्यात काही कळेना. ती उठून दाराला कान लावून उभी राहिली. चार सेकंद गेले. आठ गेले. बारा.

फुस्स आवाज येत नव्हता.

तिने दार ढकललं. बाबा पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर हात रोवून, पुढे वाकून बसले होते. ओठ निळे पडले होते. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर त्यांची नजर होती. ऑक्सिजनचं मशीन, केकाटू नये म्हणून, आधी बटणाने बंद केलेलं होतं. त्याचा प्लग उपसलेला, आणि वायर, आयुष्यभराच्या सवयीने, नीट गुंडाळून उशाशी ठेवलेली.

"बाबा!"

तिने झडप घातली. प्लग दोनदा भोकाला चुकला. तिसऱ्यांदा बसला. तिने बटण दाबलं. मशीन घुरघुरलं. तिने नळी त्यांच्या नाकाशी धरली आणि तशीच मागे वळली. बाबांनी तिचं मनगट पकडलं, मान हलवून नको नको केलं. ती हिसडा देऊन बाहेर धावली आणि चालत्या मशीनची वायर भिंतीतून खेचून काढली. डोंगर विझला.

परत येऊन ती जमिनीवर बसली, त्यांचे गार पाय कुशीत घेऊन. रडत होती आणि मोजत होती. फुस्स. फुस्स. बऱ्याच वेळाने ओठांवर थोडा रंग आला.

"तुझ्या मशीनमध्ये काही खोट नाही," बाबा तुटक तुटक म्हणाले. "दोन्ही खोल्यांना लाइन एकच. दोन ती कार्डं... आणि तिसरा मी. एवढा भार नाही झेपत तिला. मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं."

तिला आपला कागद आठवला. चार वेळा केलेल्या बेरजेत तिने खोक्यातला पंखासुद्धा धरला होता.

"सांगायचं नाही का मग?" ती किंचाळलीच.

बाबांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"आठच मिनिटं राहिली होती गं," ते म्हणाले. "आणखी थोडा दम धरला असता मी."