कुणालाही सांगायचं नाही

"बायकोलाही सांगायचं नाही. बिलकुल नाही," केशव म्हणाला. "एकदा दुसऱ्याच्या कानावर गेलं, की मग बँकेत अन् ह्यात फरक काय राहिला?"

बदनापुरात अंगदच्या घरी रविवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी संभाजीनगरच्या दवाखान्यात अंगदच्या पित्ताच्या पिशवीतले खडे काढायचे होते. केशव भेटायला म्हणून आला आणि नेहमीसारखा वादाला बसला. बिटकॉइन हा शब्द गावात कुणाला धड उच्चारताही येत नव्हता, तेव्हापासून या दोघांनी ती नाणी घेऊन ठेवली होती. अंगदचा कॉम्प्युटर क्लास होता, केशव जालन्याला कचेरीत नोकरीला. हे खरं चलन की नुसता खेळ, विकून टाकायचं की धरून बसायचं, यावर दोघं वर्षानुवर्षं भांडत आले होते. एकमत होतं ते एवढ्यावरच, की किल्ली कुणाला द्यायची नाही. किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमाने. ज्याला ते ठाऊक, नाणी त्याची. अंगदने ते कुठं लिहूनसुद्धा ठेवले नव्हते. रोज अंघोळ करताना मनातल्या मनात एकदा म्हणायचा, बस्स.

आज मात्र त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं.

"अन् भूल दिल्यावर मी उठलोच न्हाई तर?"

"लेका, खड्याचं ऑपरेशन आहे. काहीतरीच बोलून राह्यला."

"पण समज."

केशवने समजून पाहिलं. वादाचा मुद्दा हाती लागला की समोर कोण बसलंय हे तो विसरून जाई. "मग ती नाणी कायमची गेली. कुणालाच मिळणार नाहीत. पण त्यात वाईट काय? नाणी कमी झाली की बाकीच्यांच्या नाण्याला भाव चढतो. एका अर्थानं तू सगळ्यांना दानच केलं म्हण."

"म्हंजे हे गेले की तुमचा भाव वाढणार का, भाऊजी?"

वंदना चहा घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

केशवचा चेहरा पडला. "वहिनी, तसं नाही हो. ते आपलं बोलायचं म्हणून..." तोंड भाजत त्याने चहा संपवला आणि उठला. चपला घालताना अंगदच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "ह्यात मला काही विचारू नको आता."

वंदना कप गोळा करू लागली. तिने काहीच विचारलं नाही, आणि तेच अंगदला जड गेलं. तिच्या मोबाइलचा पासवर्ड, भावाशी झालेली तिची भांडणं, कुणाला न सांगता तिने मानलेले नवस, सगळं त्याला ठाऊक होतं.

"बस इथं," तो म्हणाला. उठून त्याने दार लोटून घेतलं. "मी सांगतो, तू ध्यानात ठेव. लिहायचं न्हाई."

पहिला शब्द सांगताना त्याचा आवाज चोरासारखा निघाला. "लॅडर."

"शिडी," वंदना म्हणाली.

"अर्थाचं काय काम न्हाई त्यात."

"अर्थाबिगर ध्यानात कसं राहील? सांगा पुढं."

पिजन, वेल्व्हेट, लेमन. कबुतर, मखमल, लिंबू. एकेक शब्द ती उलटसुलट बघून, पारखून घेत होती. रॅकूनपाशी अडली.

"हे काय असतंय?"

"कोणतं तरी जनावर असंल. आपल्याकडचं न्हाई."

"म्हंजे तुम्हालाच माहीत न्हाई? अन् एवढी वर्सं जपून राह्यलात!"

ती हसायला लागली. दवाखान्याची तारीख ठरल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. अंगदही हसला, आणि बरगडीखाली कळ आली म्हणून पोट धरून थांबला. मग पुढचे शब्द त्याने मोकळ्या आवाजात सांगितले. वंदनाने ते म्हणून दाखवले. दोनदा चुकली, नंतर नाही.

सकाळी अंगदला जाग आली ती गाण्याने. शेजारच्या दुर्गाबाई दवाखान्यात न्यायला दशम्या घेऊन आल्या होत्या आणि दोघी ओट्यावर बसून त्या फडक्यात बांधत होत्या. वंदना ओवीच्या चालीत गुणगुणत होती:

"लॅडर लावली दारी, पिजन बसलं वरी गं,
वेल्व्हेटाची चोळी माझी, लेमन रंगावरी गं..."

दुर्गाबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रत्येक 'गं' ला त्या झोकात सूर मिळवत होत्या. रस्त्याने दूधवाला चालला होता, तोही मान डोलवून गेला.

अंगद बनियनवरच दाराशी धावला. "वंदना! जल्दी आत ये."

ती पदराला हात पुसत आत आली.

"अगं, साऱ्या गल्लीला ऐकवून राह्यली तू!"

"गाण्यात बसवल्याबिगर मला याद राहत न्हाई. पाढे बी असेच पाठ केल्ते मी."

"पण त्या दुर्गाबाई... तो दूधवाला..."

"घाबरू नका," वंदना म्हणाली. "त्यातला एक शब्द मी गाळलाय."

"कोणता?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. वंदनाने त्याच्या खांद्यावर शाल टाकली, ती नीट सारखी केली आणि पिशवी उचलली.

"घरी परत आल्यावर सांगते."